न झालेलं कन्यादान

मिठाचा रेणू नसतो. पाण्याचा असतो, साखरेचा असतो, कापराचा असतो, मिठाचा नसतो. बरणीतल्या एका दाण्याचे तुकडे करत जा, त्या तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे करत जा. ‘हा सोडियम आणि हा त्याचा क्लोरीन’ अशी सुटी जोडी कुठल्याच टप्प्यावर हाती लागत नाही. शाळेत आपल्याकडून ‘एन-ए-सी-एल’ हे सूत्र घोटून घेतलेलं असतं. ते जोडप्याचं नाव आहे असा समज त्या वयात पक्का होतो आणि पुढे तो मोडायला कोणी येत नाही. सूत्राचा अर्थ एवढाच, की दाण्यात जितके सोडियम तितकेच क्लोरीन. कोण कोणाचा, हा प्रश्न तिथे लागूच होत नाही.

समज पक्का करण्यात शिक्षकांचा हात मोठा. आमच्या विज्ञानाच्या सरांनी आयनिक बंध शिकवताना कन्यादानाचा दाखला दिला होता. सोडियमच्या शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, ती त्याची उपवर मुलगी. क्लोरीनच्या घरात आठाला एक कमी. सोडियमने मुलगी दिली, क्लोरीनने पदरात घेतली; एकाच्या डोक्यावरचा भार उतरला, दुसऱ्याचं घर भरलं आणि धन-ऋण व्याह्यांचं जन्माचं नातं जुळलं. मागच्या बाकावरून कोणीतरी ‘सावधान’ म्हणालं, वर्ग खिदळला आणि सरांनी फळ्यावर एका गोलातून दुसऱ्या गोलाकडे बाण काढला. (मुलीला भार म्हणणं तेव्हा कोणालाच खटकलं नाही, तो विषय वेगळा.) तो बाण वर्गातलं कोणी विसरलं नसेल. शिकवण्याची युक्ती म्हणून मी तिला आजही दहापैकी नऊ गुण देईन. अडचणी दोनच आहेत. सोडियमला हे दान परवडत नाही. आणि आपल्या बरणीतल्या मिठात ते कधी झालेलंच नाही.

आधी परवडण्याचं बघू. एक मोल, म्हणजे साधारण २३ ग्रॅम सोडियम घ्या. त्यातल्या प्रत्येक सुट्या अणूतून एकेक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला ४९६ किलोज्यूल ऊर्जा मोजावी लागते. सोडियम आपणहून काही सोडत नाही, त्याच्याकडून ओढून घ्यावं लागतं. तेवढ्याच क्लोरीन अणूंना ते इलेक्ट्रॉन मिळाले की ३४९ किलोज्यूल परत येतात. ४९६ गेले, ३४९ आले. १४७ ची खोट. म्हणजे दोन अणू एकमेकांपासून लांब उभे असतील तर हा व्यवहार होणारच नाही. ‘आठ पूर्ण करण्याची ओढ’ हे शब्द पाठ्यपुस्तकातून कितीही वेळा गिरवले, तरी त्या ओढीने ही खोट भरत नाही.

ती भरते धन आणि ऋण आयन जवळ आल्यावर, आणि खरी बरकत येते ते गर्दीने जमल्यावर. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियमच्या भोवती सहा क्लोरीन असतात: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली. प्रत्येक क्लोरीनभोवती तसेच सहा सोडियम. या सहांच्या पलीकडे बारा सजातीय. ते दूर लोटतात. त्यांच्या पलीकडे आठ विजातीय, ते ओढतात. मग पुन्हा सहा सजातीय. ओढणाऱ्यांची आणि लोटणाऱ्यांची ही रांग स्फटिकाच्या टोकापर्यंत जाते आणि तिची बेरीज करणं दिसतं तितकं सोपं नाही, कारण जवळून दूर असं क्रमाने मोजत गेलं तर आकडा कधी वर कधी खाली असा हेलकावतच राहतो. एर्विन माडेलुंग या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९१८ साली ती करण्याची वाट दाखवली. मिठासाठी उत्तर येतं १.७४७६. तेवढ्याच अंतरावर एकट्या जोडीला या ओढीतून जेवढं मिळालं असतं, त्याच्या जवळजवळ पावणेदोनपट स्फटिकात राहून मिळतं. सुट्या आयनांपासून एक मोल मीठ जमतं तेव्हा ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. १४७ ची खोट त्यापुढे किरकोळ. सरांच्या गोष्टीत वर होता, वधूपिता होता, मुलगी होती, वऱ्हाड नव्हतं. आणि सगळा खर्च तर वऱ्हाडाने उचललेला आहे.

ही गर्दी प्रत्यक्ष दिसली ती १९१३ मध्ये. विल्यम लॉरेन्स ब्रॅग आणि त्याचे वडील विल्यम हेन्री ब्रॅग यांनी स्फटिकांतून क्ष-किरण सोडले आणि विखुरलेल्या किरणांवरून आत कोण कुठे बसलं आहे ते ठरवलं. मिठाचा नकाशा पहिल्या काही नकाशांपैकी. १९१५ चं नोबेल बापलेकांना मिळून मिळालं तेव्हा मुलगा पंचविशीत होता. नकाशा साधा होता: एकाआड एक सोडियम आणि क्लोरीन, तिन्ही दिशांना, बुद्धिबळाच्या पटासारखे. रेणू कुठेही नाही.

हे सगळ्यांच्या घशाखाली उतरलं असं नाही. हेन्री आर्मस्ट्राँग हे इंग्लंडमधले बडे रसायनशास्त्रज्ञ. विद्यार्थ्याने स्वतः प्रयोग करून शोधत शिकावं या मताचे आयुष्यभराचे पुरस्कर्ते. १९२७ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी ‘नेचर’ या साप्ताहिकाला एक चिडलेलं पत्र लिहिलं. शीर्षकातच बिचाऱ्या मिठाची कीव केली होती. बुद्धिबळाच्या पटाची ही कल्पना व्यवहारबुद्धीला धरून नाही आणि रसायनशास्त्रात तिला थारा देऊ नये, असा त्यांचा सूर होता. हे पत्र हसण्यावारी नेलं जातं. मला त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटते. जोडीशिवाय संसार असू शकतो हे मान्य करणं त्यांना जड गेलं, इतकंच. आणि त्यांच्यानंतर जवळपास शंभर वर्षं होत आली तरी आपल्या फळ्यांवर तोच बाण निघतो आहे. एक अपवाद मात्र नोंदवला पाहिजे. मीठ तापवून तापवून, १४०० अंशांच्या पुढे नेऊन त्याची वाफ केली, तर त्या वाफेत सोडियम-क्लोरीनच्या सुट्या जोड्या खरोखर सापडतात. मिठाला जोडीने राहायला लावायचं तर इतकं पेटवावं लागतं.

दुसरी अडचण मला जास्त मोलाची वाटते. प्रयोगशाळेत सोडियम धातूचा तुकडा क्लोरीन वायूत जाळला की पिवळाजर्द प्रकाश पडतो, पांढरा धूर होतो आणि भांड्याच्या कडेला खरंखुरं मीठ साचतं. इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण तिथे होते, यात शंका नाही. पण आपण खातो ते मीठ असं झालेलं नाही. पृथ्वीवर निसर्गात सोडियम धातू सापडत नाही. हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडली, तेव्हा तो पहिल्यांदा माणसाच्या नजरेस पडला. त्याआधी तो होता कुठे? खडकात, आणि तिथेही इलेक्ट्रॉन गमावलेल्या स्थितीतच, ऑक्सिजनच्या गराड्यात. आपला सह्याद्री ज्या बेसाल्टचा आहे त्यातल्या फेल्डस्पार या खनिजात हा सोडियम असतो. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, खडकाला हळूहळू खातं, सोडियमचा आयन सुटतो आणि सावित्री, वाशिष्ठी, उल्हास अशा कुठल्या तरी नदीतून खाडीला लागतो. क्लोरीन आला तो दुसऱ्याच वाटेने: पृथ्वीच्या पोटातून ज्वालामुखीच्या वायूंबरोबर, हायड्रोजन क्लोराइड म्हणून. त्याचा इलेक्ट्रॉन त्याला केव्हाच मिळालेला होता.

दोघे समुद्रात भेटले तेव्हा देण्याघेण्याचं काही उरलंच नव्हतं. तुमच्या आमटीतल्या सोडियमने तिथल्या क्लोरीनला कधीच काही दिलेलं नाही.

नद्या सोडियम आणतात यावरून जॉन जोली या आयरिश शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये एक गमतीदार हिशेब मांडला होता. समुद्रात सोडियम किती आणि नद्या दरवर्षी टाकतात किती, याचा भागाकार करून त्याने समुद्राचं वय काढलं: सुमारे नऊ कोटी वर्षं. भागाकार बरोबर, उत्तर चूक. सोडियम समुद्रात नुसता साठत राहत नाही, गाळात आणि मिठाच्या थरांत बाहेरही पडतो. असे थर पुढे डोंगर होतात. उपासाला समुद्राचं मीठ वर्ज्य आणि सैंधव चालतं, असं अनेक घरांत पाळतात. पाकिस्तानातल्या पंजाबात खेवड्याच्या खाणीतून निघणारं सैंधव हेही समुद्राचंच मीठ आहे, फक्त तो समुद्र आटून पन्नास कोटी वर्षांहून जास्त काळ लोटला. उपास मोडत नाही तो या जुनेपणामुळे, असं म्हणू.

समुद्रात मीठ असतं असं म्हणण्याचीही आपल्याला सवय आहे. काटेकोर बोलायचं तर समुद्रात मीठ नसतंच. लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यात १९ ग्रॅमच्या आसपास क्लोराइड, ११ ग्रॅमच्या आसपास सोडियम, आणि उरलेले मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे. सगळे सुटे, पाण्याच्या रेणूंनी वेढलेले, मोकळे फिरणारे. जोड्या लावायला बसलात तरी हिशेब जुळत नाही, कारण दर शंभर सोडियममागे क्लोराइड निघतात सुमारे ११६. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसने १८८४ च्या आपल्या प्रबंधात मीठ पाण्यात गेलं की त्याचे आयन वेगळे होतात अशा दिशेचं म्हणणं मांडलं, तेव्हा उप्सालाच्या परीक्षकांनी त्याला जेमतेम पास केलं. १९०३ मध्ये त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं. मिठाला जागण्याची आपल्याकडे केवढी महती! मीठ स्वतः मात्र पाण्याचा थेंब दिसताच कोणाला जागत नाही.

मीठ तयार होतं ते मिठागरात. उरण, पेण, वसई, भाईंदर, तळकोकणात शिरोडा, गोव्यात हरमल-पेडण्याच्या बाजूचं आगरवाडा. पावसाळा सरला की वाफे साफ करायचे, तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, उधाणाचं पाणी आत घेऊन बांध घालायचा आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं खेळवत न्यायचं. उन्हाने पाणी आटत जातं तसे आयन एकेक करून गर्दी करू लागतात. पहिल्यांदा चुनखडी खाली बसते, मग जिप्सम. पाणी दहाव्या हिश्शावर आलं की सोडियम आणि क्लोराइडची पाळी. त्यांचा स्फटिक बांधला जातो तो थेट चौकोनी. वारा पडलेला असेल तर पृष्ठभागावर पोकळ पायऱ्यापायऱ्यांचे पिरॅमिड तरंगताना दिसतात. हातात भिंग असेल तर साधं खडेमीठही बघण्यासारखं असतं. साधारण पाव मिलिमीटर कडेच्या बारीक दाण्याच्या एका काठावर दहा लाखांच्या आसपास आयन ओळीने बसलेले असतात, आणि ती ओळ इतकी सरळ असते की नुसत्या डोळ्यांना दिसणारा कोपरा काटकोनी येतो.

उन्हाशिवाय दुसरी युक्ती इथे चालत नाही, यालाही कारण आहे. साखरेचा घट्ट पाक गरम असताना केला आणि निवू दिला की खडीसाखर धरते, कारण थंड पाण्यात साखर कमी मावते. मिठाचं तसं नाही. बर्फाच्या गारठ्यातल्या १०० ग्रॅम पाण्यात ३५.७ ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यात ३९. एवढ्या फरकावर कोणाचा धंदा होणार? पाणीच घालवावं लागतं, आणि ते घालवायला सूर्यासारखा फुकटचा गडी नाही. शेवटी वाफ्यात कडू पाणी उरतं, त्यात मॅग्नेशियम. ते वेळेवर काढून टाकलं नाही तर मिठाला कडवट चव येते आणि पावसाळ्यात ते मीठ गळतं. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी हावरटासारखं ओढतं. शुद्ध मीठ तितकं हावरट नाही. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मगच ते पाझरू लागतं. आता आषाढ-श्रावणात कोकणातली हवा ७५ टक्क्यांच्या खाली किती वेळ असते, हे तुम्हीच सांगा.

मिठाचे बाकीचे गुणही या जोडी नसलेल्या गर्दीतून येतात. तांब्याला हातोडा मारला की ते पसरतं. मिठाच्या खड्याला मारला की तो फुटतो, आणि फुटतो तोही सपाट, काटकोनात. घाव बसल्यावर आयनांचा एक थर शेजारच्या थरावरून एका घराने सरकतो. मग धनासमोर धन येतो, ऋणासमोर ऋण, आणि क्षणापूर्वी एकमेकांना घट्ट धरून बसलेले दोन थर एकमेकांना फेकून देतात. खलबत्त्यात खडेमीठ इतक्या सहज बारीक होतं ते यामुळे. पण हीच पकड उष्णतेने सोडवायची तर ८०१ अंश सेल्सियस लागतात. शेंगदाणेवाला कढईत मीठ तापवून त्यात दाणे परततो. मीठ काळपटतं, वितळत नाही, आणि तेच मीठ तो परत परत वापरतो. दोन-तीनशे अंशांचं त्याला काहीच नाही. आयनांवरचा भार एकाऐवजी दोन असला तर पकड आणखी आवळते: मॅग्नेशियम ऑक्साइडची ठेवण मिठासारखीच, पण ते वितळायला २,८०० अंशांच्या वर जावं लागतं. पोलादाच्या भट्ट्यांना आतून त्याच्या विटा लावतात.

सुटलेल्या क्लोराइडचा त्रास कोणाला विचारायचा तर किनाऱ्यावर घर बांधलेल्याला विचारा. काँक्रीटमधल्या सळीवर गंजाला अडवणारा एक पातळ थर आपोआप धरलेला असतो. खारी वाळू वापरली असेल किंवा खारा वारा वर्षानुवर्षं लागत असेल तर ओलाव्याबरोबर क्लोराइड आत उतरतो आणि तो थर भेदतो. सळी गंजते, फुगते, स्लॅबचे पोपडे पडतात. या कामात सोडियमची त्याला काही गरज पडत नाही.

आणि हाच सुटेपणा जीव वाचवतोही. वायरमन घराच्या अर्थिंगसाठी खड्डा खणतो, त्यात पाइप किंवा प्लेट उतरवतो आणि भोवती मीठ आणि कोळशाचे थर भरतो. बऱ्याच घरमालकांना वाटतं, मीठ विजेला वाट करून देतं. कोरडं मीठ अजिबात देत नाही. त्यातला प्रत्येक आयन सहांच्या वेढ्यात जागच्या जागी बसलेला; भार आहे पण तो नेणारा कोणी हलत नाही. मीठ वितळवा, नाहीतर भिजवा, म्हणजे आयन चालू लागतात आणि वीज वाहते. म्हणून तर पाइपाच्या तोंडाशी नरसाळं बसवतात आणि खड्ड्यावर झाकण ठेवतात: पाणी ओतता यावं यासाठी. पावसाच्या पाण्याने मीठ वर्षागणिक वाहून जातं आणि उरलेलं पाइप गंजवतं, त्यामुळे नव्या कामांत पुष्कळ ठिकाणी मिठाऐवजी बेंटोनाइटची माती भरतात. जुन्या इमारतींत मात्र अजून मीठ-कोळशाचेच खड्डे आहेत, आणि एप्रिल-मेमध्ये ते ठणठणीत कोरडे पडलेले असतात. तुमच्या सोसायटीत तसा खड्डा असेल तर यंदाच्या उन्हाळ्यात झाकण उघडून आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओता, आणि शेवटची तपासणी कधी झाली होती ते वायरमनला विचारा.